पुंगळी काढल्याने काय मिळते?

आज आपण अशा एका वस्तूबद्दल बोलणार आहोत, की जी रोज तुमच्या अंगणासमोरून जाते, पण जिच्याकडे सहसा कुणी वळून पाहत नाही. मोटारसायकलच्या मागल्या चाकाशेजारी जे लांबट नळकांडे असते, ते. त्याला आपण सायलेन्सर म्हणतो. तो धड असेल तोवर त्याची आठवणही होत नाही. तो बिघडला, किंवा कुणी मुद्दाम बिघडवला, की मग महाडच्या बाजारपेठेपासून पोलादपूरच्या एस. टी. स्टँडपर्यंत सगळ्यांना त्याची ओळख पटते.

मुद्दाम बिघडवण्याच्या या उद्योगाला तरुण मंडळी ‘पुंगळी काढणे’ म्हणतात. नळकांड्याच्या आतली भोकाभोकांची नळी आणि पडदे काढून टाकायचे, नाहीतर सबंध सायलेन्सरच बदलून मोकळ्या तोंडाचा बसवायचा. मग गाडी बाजारातून गेली की दुकानदार मान वर करतो, म्हातारी माणसे कानांवर हात ठेवतात, आणि गाडीवरल्या चिरंजीवांची छाती दोन बोटे फुगते. विचारावे तर उत्तर ठरलेले असते : “काका, गाडीचा पिकअप वाढतो. आणि घाटात आवाज असलेला बरा, समोरच्याला कळतं.”

ही दोन्ही उत्तरे आज आपण तपासून पाहू. रागावून नव्हे, तर इंजिनाचे काम समजून घेऊन. कारण पोराला नुसते ‘करू नको’ म्हटले तर तो ऐकत नाही. ‘का करू नको’ हे सांगितले तर निदान विचार तरी करतो.

प्रथम हा आवाज येतो कुठून, ते पाहू. इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण ठिणगीने पेटते. पेटलेला वायू फुगतो, दट्ट्याला म्हणजे पिस्टनला ढकलतो, आणि त्या ढकलण्यातून चाक फिरते. काम झाल्यावर झडप उघडते आणि उरलेला वायू बाहेर पडतो. पण हा वायू काही थकून भागून बाहेर येत नाही. त्याच्या अंगात अजून कित्येकशे अंशांची उष्णता असते आणि त्याचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त असतो. झडप उघडताक्षणी तो धाडकन बाहेर येतो आणि बाहेरच्या हवेला धक्का देतो. तो धक्का म्हणजेच आपल्या कानावर आदळणारा आवाज. चार स्ट्रोकच्या एका सिलिंडरच्या गाडीचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर असे धक्के मिनिटाला १५०० बसतात, म्हणजे सेकंदाला २५. एका सेकंदात पंचवीस फटाके, असे समजा.

शिक्षक बंधुभगिनींनी हा प्रयोग वर्गात करून पाहावा. सारखेच फुगवलेले दोन फुगे घ्या. एकाला टाचणी लावा : फट्‌! दुसऱ्याचे तोंड चिमटीत धरून हवा हळूहळू सोडा : नुसती फूस. दोन्ही फुग्यांत हवा तेवढीच होती. मग फरक कशाने पडला? एकीकडे सगळी हवा एकाच क्षणी सुटली, दुसरीकडे तिला वेळ मिळाला. सायलेन्सरचे पहिले काम हेच. फुटणाऱ्या फुग्याचा तो सुटणारा फुगा करतो.

हे तो कसे साधतो? सायलेन्सर आतून पोकळ पाइप नसतो. त्यात लहानमोठ्या खोल्या असतात, मध्ये पडदे असतात, आणि भोके पाडलेल्या नळ्या एका खोलीतून दुसरीत गेलेल्या असतात. वायू अरुंद नळीतून एकदम मोठ्या खोलीत आला की पसरतो आणि त्याचा जोर ओसरतो. आवाजाच्या लाटा पडद्यांवर आपटून परत फिरतात, आणि येणारी लाट व जाणारी लाट समोरासमोर आल्या की बऱ्याच अंशी एकमेकींना मारतात. काही सायलेन्सरांत काचेच्या तंतूंचा कापूस भरलेला असतो. आवाज त्यात शिरतो आणि मुरतो. घोंगडीखाली घड्याळ ठेवले तर त्याची टिकटिक जशी दबते, तसेच हे.

मौज अशी की, ही युक्ती नवी नाही. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावच्या रीव्ह्‌ज बंधूंनी १८९७ साली इंजिनाच्या अशा शांतकाचे पेटंट घेतले. म्हणजे मोटारगाडी अजून रांगत होती, तेव्हाच तिचे तोंड आवरण्याची गरज माणसाला कळली होती.

आता चिरंजीवांच्या पहिल्या उत्तराकडे वळू : पिकअप वाढतो. यात सत्याचा अंश मुळीच नाही, असे मी म्हणणार नाही. वायूच्या वाटेत अडथळे ठेवले की तो बाहेर ढकलायला इंजिनाला थोडी शक्ती खर्चावी लागते, हे खरे आहे. म्हणून तर शर्यतीच्या मैदानावर मोकळे पाइप लावतात. पण तिथे इंजिन पूर्ण थ्रॉटलवर आणि अतिवेगाने फिरत असते, आणि त्या पाइपाबरोबर पेट्रोल-हवेचे प्रमाण, पाइपाची लांबी आणि व्यास हे सगळे हिशेबाने जुळवलेले असते. आपण नाते किंवा पाचाडच्या रस्त्याने ताशी चाळीसच्या वेगाने जातो, तेव्हा थ्रॉटल अर्धासुद्धा उघडलेला नसतो. सोसायचा अडथळाच तेवढा नाही, तर तो काढून मिळणार काय?

उलट नुकसान मात्र होते. कारखान्याने कार्बुरेटर किंवा इंजेक्शन बसवले ते त्या विशिष्ट सायलेन्सरचा अडथळा गृहीत धरून. अडथळा काढला आणि बाकी काही बदलले नाही, तर हवा-पेट्रोलचे प्रमाण बिघडू शकते, इंजिन जास्त तापते, आणि थ्रॉटल सोडला की न जळलेले पेट्रोल तापलेल्या पाइपात पेटून ‘फट्‌ फट्‌’ करते. या फट्‌फटीलाच कित्येक जण शक्ती समजतात! बाबांनो, दट्ट्यामागे जळायचे ते पेट्रोल पाइपात जळले, तर त्याने चाक फिरत नाही. ते तुमच्या पैशाने फोडलेले फटाके असतात.

दोन स्ट्रोकच्या जुन्या गाड्यांची कथा तर याहून निराळी. १९८५ साली आपल्याकडे आलेली आर. एक्स. १०० पुष्कळांनी पाहिली असेल. अशा इंजिनात पाइपाचा मधला फुगीर भाग आणि त्याचा पुढे निमुळता होत गेलेला शंकू दाबाची लाट परत पाठवतो, आणि निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलतो. तिथे पाइप हा इंजिनाचा जोडीदार आहे. तो कापला किंवा वाटेल तो लावला, तर आवाज वाढतो आणि ताकद कमी होते.

आजच्या गाड्यांत आणखी एक गोष्ट आहे. भारत स्टेज सहा हे नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. त्या गाड्यांच्या धुराच्या वाटेवर, कुठे वाकड्या पाइपात तर कुठे सायलेन्सरच्या पोटात, एक जाळीदार ठोकळा असतो. त्याला कॅटलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मोलाच्या धातूंचा पातळ थर असतो. कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू, न जळलेले पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे तो बऱ्याच अंशी निरुपद्रवी वायूंत रूपांतर करतो. शिवाय पाइपात प्राणवायू मोजणारा एक छोटा सेन्सर असतो, आणि त्याच्या सांगण्यावरून पेट्रोल किती सोडायचे ते ठरते. तिथे वाटेल तशी कापाकापी करणे म्हणजे गाडीचे नाक कापून तिला वास ओळखायला सांगणे होय.

आता ज्यांनी मोकळ्या पाइपाचे वेड जगाला लावले, त्यांच्याकडेही पाहू. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात तरुण मंडळी जुन्या फोर्ड गाड्या घेत, त्यांचे पत्रे काढून वजन उतरवीत, इंजिनात फेरफार करीत, आणि वाळवंटातल्या कोरड्या सरोवरांच्या सपाट तळावर शर्यती लावीत. मुरॉक हे अशांपैकी एक सरोवर. या गाड्यांना पुढे ‘हॉट रॉड’ हे नाव पडले. त्यांच्यापैकी कित्येकांनी गाडीच्या बाजूला एक मोकळा पाइप काढलेला असे आणि त्याच्या तोंडाला झाकण असे. सरोवरावर पोचल्यावर झाकण उघडायचे, शर्यत संपली की लावून टाकायचे, म्हणजे धूर पुन्हा सायलेन्सरमधून जाई. त्या पाइपाला नावच ‘लेक पाइप’, म्हणजे सरोवराचा पाइप, असे पडले. सांगायचे तात्पर्य, वेगाचे एवढे वेड असलेल्यांनासुद्धा सरोवर कोणते आणि गल्ली कोणती, हे कळत होते. महाड-पोलादपुरात कोरडे सरोवर नाही. इथे आहेत त्या गल्ल्या, शाळा, दवाखाने आणि घाट.

आता हा आवाज किती दूर जातो, त्याचा हिशेब करू. गुरुजींनी तो फळ्यावर मांडावा. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. हे माप गजासारखे सरळ नाही. १० डेसिबल वाढले की ध्वनीची शक्ती दहापट होते, २० वाढले की शंभरपट. ८० ते १७५ सी. सी. च्या मोटारसायकलींना कारखान्यातून बाहेर पडताना ७७ डेसिबलची मर्यादा आहे, आणि मोजणी साडेसात मीटर अंतरावरून करतात. पुंगळी काढल्यावर तोच आकडा समजा ९७ झाला. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. दिवसा वस्तीत आवाज ५५ डेसिबलच्या आत असावा, असे २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम सांगतात. तर ७७ चा आवाज ५५ वर यायला सुमारे शंभर मीटर लागतात. आणि ९७ चा? सुमारे एक किलोमीटर!

झाडे, भिंती आणि वारा यांमुळे प्रत्यक्षात हे अंतर कमी भरेल. पण धडा तोच राहतो. अंतर दहापट म्हणजे क्षेत्र शंभरपट. धड गाडीचा त्रास दोन-चार घरांना होतो, तर पुंगळी काढलेल्या गाडीचा अख्ख्या गावाला. रात्री दहानंतर वस्तीतली मर्यादा ४५ डेसिबलची आहे, तेव्हा हा हिशेब आणखी लांब जातो. आणि आपला मुलूख म्हणजे सावित्रीचे खोरे. दोन्ही अंगांना डोंगर. डोंगराच्या भिंती आवाज परत पाठवतात. जिथे ‘ओ’ दिली तर पलीकडच्या वाडीतून ‘ओ’ येते, तिथे गाडीच्या फट्‌फटीचे काय होत असेल, ते तुम्हीच सांगा.

या मोठ्या वर्तुळात कोण कोण येते? परीक्षेला बसलेली मुलगी येते. ग्रामीण रुग्णालयातली बाळंतीण आणि तिचे दोन दिवसांचे बाळ येते. रस्त्याच्या कडेने चाललेली बैलजोडी येते, ती बुजली तर गाडीवानाचे काय होईल, ते देव जाणे. यांपैकी कुणीही त्या पोराला काही सांगायला जात नाही. ते फक्त दचकतात.

“पण घाटात आवाज हवा,” हे दुसरे उत्तर अजून राहिले. पोलादपूरहून महाबळेश्वरला जाताना आंबेनळीचा घाट लागतो, महाडहून भोरकडे जाताना वरंधचा. दोन्हीकडे वळणावर समोरचे दिसत नाही, हे खरे आहे. म्हणून समोरच्याला आपण आल्याचे कळले पाहिजे, हेही खरे. पण सायलेन्सरचे तोंड कुठे असते? मागे! त्याचा जोर मागे जातो, आणि आपल्याला भीती असते ती पुढून येणाऱ्याची. शिवाय हा आवाज जाड, घुमणारा असतो. कड्यावर आपटून तो चारी दिशांनी येतो, आणि गाडी वरून येते आहे की खालून, हेच ऐकणाऱ्याला उमगत नाही. पुढे ऐकू जाईल असे साधन गाडीला दिलेलेच आहे. त्याला हॉर्न म्हणतात. वळणावर तो एकदा वाजवावा, पुरे.

आणि खरा धोका निराळाच आहे. स्वतःच्या गाडीच्या गडगडाटात बसलेल्या माणसाला समोरून येणाऱ्या एस. टी. चा हॉर्न ऐकू येत नाही. घाटात डोळ्याला वळणापलीकडचे दिसत नसते, तेव्हा कानच डोळ्याचे काम करतो. पुंगळी काढणारा आपल्या हाताने तो डोळा झाकून घेतो.

आपल्या भागात कानाचे आणखीही एक काम आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली आणि ८० हून अधिक माणसे गेली. त्या दुःखाचा आणि मोटारसायकलींचा काही संबंध नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. पण त्या पावसाळ्यापासून आपण सारे एक गोष्ट जाणतो, की मुसळधार पावसात डोंगराखाली राहणाऱ्याने डोळ्यांबरोबर कानही उघडे ठेवायचे असतात. झाडे मोडल्याचा आवाज, दगडावर दगड आदळल्याचा आवाज, पोटातून आल्यासारखी घरघर, ओढ्याच्या आवाजात एकाएकी पडलेला फरक, या खुणा दरड सुटण्यापूर्वी कधी कधी ऐकू येतात. घाटातून जाणाऱ्यालाही वरून दगड आल्याचे आधी कानालाच कळते. हॉर्न आणि दगड ओळखण्याइतकी शांतता ही डोंगरातल्या माणसाची शिदोरी आहे. ती कुणी सांडू नये.

मग स्वतः गाडीवाल्याच्या कानाचे काय? ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तासांपर्यंत ही धोक्याची सीमा मानतात, आणि दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. या हिशेबाने ९७ डेसिबलला अर्धाच तास उरतो. पोलादपूरहून महाबळेश्वर गाठायला त्याहून जास्त वेळ लागतो. कानाच्या आत शंखासारख्या भागात ज्या केसपेशी असतात, त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आधी कानात ‘कुंई’ असा आवाज येत राहतो, मग बारीक स्वर ऐकू येईनासे होतात. चाळिशीत नातेवाइकांना “काय म्हणालास?” असे दोनदा विचारण्याची पाळी येते, तेव्हा विसाव्या वर्षीची पुंगळी कुणाला आठवत नाही.

कायद्याचेही दोन शब्द सांगितले पाहिजेत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२० वा नियम सांगतो की प्रत्येक मोटार वाहनाला, शेतीच्या ट्रॅक्टरलासुद्धा, धुराचा आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर हवा. आवाजाची मर्यादा मोडणारी गाडी सार्वजनिक जागी चालवली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि शिवाय तीन महिने लायसन्सची अपात्रता होऊ शकते. २०१९ च्या दुरुस्तीने हे आकडे वाढले आहेत. गाडीत परवानगीवाचून फेरफार केला तर मालकाला वेगळी शिक्षा आहे, ती दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंडाची किंवा सहा महिन्यांपर्यंत कैदेची. मालक बहुधा कोण असतो? वडील! तेव्हा आईबापांनीही पोराची गाडी एकदा मागून ऐकावी. राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी असे जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवला आहे.

पण सगळे मोठ्या आवाजाचे सायलेन्सर काही हौसेचे नसतात. कित्येक नुसते गंजलेले असतात. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे लिटरभर पाणी तयार होते, हे ऐकून नवल वाटेल. ते वाफेच्या रूपाने बाहेर जाते. पण गाडी फक्त घरापासून नाक्यापर्यंत फिरत असेल, तर नळकांडे पुरते तापत नाही, वाफेचे पाणी आतच राहते आणि पत्रा आतून गंजतो. त्यात आपला पाऊस! म्हणून अधूनमधून गाडी थोडी लांब न्यावी, खालचे बारीक भोक असेल तर ते बुजू देऊ नये, आणि चीर पडली की वेळीच दुरुस्त करावी. मिनीडोर असो की टेम्पो, बैठकीखालचा पाइप फुटलेला असेल तर आवाजापेक्षा वायूचे भय मोठे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आतल्या माणसांना नुसती गुंगी येते. आणि पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी, पाणी ओसरले म्हणून लगेच सुरू करू नये. सायलेन्सरमधून किंवा हवेच्या वाटेने इंजिनात पाणी शिरलेले असू शकते. आधी मिस्त्रीला दाखवावी.

शिक्षक मंडळींना एक विनंती. हा विषय मुलांसमोर शिस्तीचा म्हणून न मांडता विज्ञानाचा म्हणून मांडा. फुग्याचा प्रयोग करा, फळ्यावर शंभर मीटर आणि एक किलोमीटरचा हिशेब करा, आणि मग मुलांनाच गावाच्या नकाशावर ती दोन वर्तुळे काढायला सांगा. आपले घर, आजीचे घर, दवाखाना आणि शाळा कोणत्या वर्तुळात येतात, ते त्यांनाच पाहू द्या. पुढचे भाषण तुम्हाला करावे लागणार नाही.

आणि गाडीवरल्या चिरंजीवा, तुला एवढेच सांगायचे. चाक फिरवते ती ताकद इंजिनातच वापरली जाते. पाइपातून बाहेर पडतो तो उरलेला वायू. त्या उरल्यासुरल्याचा डंका पिटून गाडी मोठी होत नाही. तुझी गाडी खरोखर चांगली असेल, तर ती आंबेनळीची चढण मुकाट्याने चढेल, आणि वळणापलीकडच्या एस. टी. चा हॉर्न तुला ऐकू येईल.